सगळ्यांत उंच उडी

नेब्रास्कातल्या लिपा गावात कुणी कुणाला उघड शिवी देत नाही. वाऱ्याचं बोलतात, मक्याचं बोलतात, आणि उठताउठता म्हणतात, "मजा आहे बाबा एकेकाची!" झाली शिवी देऊन. ऐकणाऱ्यानं हसून मान हलवायची आणि घरी जाऊन भांडी आपटायची, अशी इथली रीत.

मार्लीस हावरानेक नोव्हेंबरपासून भांडी आपटत होती.

तिची बेकरी गावातली एकुलती एक. पहाटे चारला भट्टी पेटायची, उजाडायच्या आत खसखशीचे आणि जर्दाळूचे गोड पाव, कोलाचे, काचेच्या कपाटात लागायचे, आणि मग म्हातारे येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर फासे टाकत बसायचे. हरेल त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची. पूर्वी या टेबलाची आणि मार्लीसची थट्टामस्करी चालायची. आता व्हर्जिल श्टास्नी, त्या टोळीचा म्होरक्या, कप पुढे करून गोड आवाजात विचारायचा, "काय म्हणतात लिंकनच्या राणीसाहेब?" राणीसाहेब म्हणजे मार्लीसची पंधरा वर्षांची मुलगी ब्रिन. "मजा आहे बाबा!"

मार्लीसचा गुन्हा एवढाच, की तिनं ब्रिनला शाळेच्या बास्केटबॉल संघातून काढलं होतं.

लिपाच्या शाळेत मुलंच इतकी थोडी की संघनिवड वगैरे भानगड नाही. ज्याला दोन पाय आहेत तो संघात, हे कोच सोबोत्कांचं धोरण. पानगळीत व्हॉलीबॉल, थंडीत बास्केटबॉल, बर्फ वितळलं की धावणं. अमेरिकन फुटबॉलच्या मध्यंतरात तीच पोरं खांद्यांवरची चिलखतं न काढता बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. ब्रिन गेल्यावर मुलींच्या बास्केटबॉल संघात उरल्या नेमक्या पाच. एकीला शिंक आली की अख्ख्या संघाला पडसं.

पण मार्लीसचंही काही चुकलं नव्हतं, निदान तिला तरी तसं वाटत होतं. ब्रिन बापापेक्षा उंच झाली होती, आणि नेब्रास्कात उंच मुलगी दिसली की लोक आधी व्हॉलीबॉलचं विचारतात, मग नाव. लिंकन शहरातल्या मोठ्या क्लबानं तिला पहिल्या संघात घेतलं. क्लबाचा कर्ताधर्ता ट्रेंट मॅडर्न. दात शुभ्र, हातमिळवणी घट्ट, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण आजवर झोपलोच होतो असं वाटावं. "शरीरात उड्या मोजक्याच असतात, मार्लीस," तो म्हणाला होता. "त्या बास्केटबॉलवर उधळायच्या की पोरीच्या भविष्यासाठी ठेवायच्या, तुम्ही ठरवा."

मार्लीसनं ठरवलं. ती स्वतः याच शाळेत तिन्ही खेळ खेळली होती. तिच्या संघाचा निळा झेंडा अजून व्यायामशाळेत वर टांगलेला होता. आणि त्यातून मिळालं काय? सगळं थोडंथोडं येणाऱ्या मुलीला एकाही कॉलेजनं विचारलं नाही. लेकीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. तिनं ब्रिनला सांगितलं, यंदा बास्केटबॉल नाही. ब्रिन म्हणाली, "बरं."

मग तो पट्टा आला. कमरेला बांधायचा, त्यात बोटभर यंत्र. मुलगी उडी मारते, यंत्र उंची मोजतं, आकडा थेट ट्रेंटच्या फोनवर जातो. क्लबाच्या मुलींनी घरीसुद्धा रोज उड्या मारायच्या असा हुकूम होता. मार्लीस पहाटे बेकरीत, त्यामुळे लेकीच्या उड्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. पण त्या होतात हे तिला ठाऊक होतं, कारण ट्रेंट दर आठवड्याला कौतुकाचा निरोप धाडायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी क्लबात पालकांची सभा झाली. ट्रेंटनं पडद्यावर आलेख लावला. बाकी मुलींच्या रेषा खाली चिकटलेल्या, आणि एक रेष गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारासारखी एकटीच उंच.

"ही ब्रिन," ट्रेंट म्हणाला. "रोज सकाळी, न चुकता. अख्ख्या क्लबात सगळ्यांत उंच. कशामुळे? घरच्यांनी धाडस केलं म्हणून. बास्केटबॉल सोडलं, धावणंही सोडणार आहे. एक खेळ, एक ध्यास. बाकीच्यांनी आपापल्या मनाला विचारावं."

टाळ्या पडल्या. ब्रिन मागे मुलींत बसली होती. तिनं खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. पोर लाजते आहे, असं मार्लीसला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला.

शेजारी रेनिता ओक्स बसली होती. तिची ओडेसा ब्रिनच्याच वयाची, आलेखात दुसरी, पण बरीच खाली. ओडेसा शाळेकडून पोहायची आणि चौघींच्या शर्यतीत शेवटचा टप्पा तिचा असायचा. रेनितानं हळूच विचारलं, "खरं सांग, मार्लीस. खेळ सोडताना रडली नाही का गं ती?"

"मुळीच नाही," मार्लीस म्हणाली. "आम्ही घेतलेला सगळ्यांत चांगला निर्णय."

रेनिताच्या पलीकडे ओडेसा बसली होती. तिनं ते ऐकलं.

मार्लीस दोन दिवस त्याच तोऱ्यात होती. बुधवारी सकाळी बेकरीत गिऱ्हाइकं नेहमीची, फासे खुळखुळताहेत, आणि कोच सोबोत्का आत आले. यांनी मार्लीसलाही शिकवलेलं, अजूनही शाळेत विज्ञान शिकवतात आणि संघाची बसही तेच हाकतात. त्यांनी कॉफी मागितली नाही, तेव्हाच तिनं ओळखलं.

"ट्रूडीचा घोटा गेला," कोच म्हणाले. "शुक्रवारी डॉर्सी गावाशी मॅच आहे. माझ्याकडे चार उरल्या. चौघींना मॅच सुरू करता येत नाही. न खेळता हार, तीही आपल्याच घरात, डॉर्सीकडून. ब्रिनला दे."

"कोच, माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी विचारतोय."

मार्लीसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सगळं गाव दोन महिने मला टोमणे मारतंय, आणि आता माझीच पोर पाहिजे? आणि द्यायची म्हटलं तरी कशी द्यायची? तिनं नोव्हेंबरपासून चेंडूला हात लावलेला नाही. सराव नसलेली मुलगी उतरवायची नाही, हे तुम्हीच आम्हाला घोकून घ्यायला लावलं होतं!"

फासे थांबले. व्हर्जिलला कॉफीचा ठसका लागला, आणि त्याच्या पाठीत धपाटे घालायला दोघे जरा जास्तच लगबगीनं उठले.

कोचनी टोपी काढली. "सराव झालाय तिचा."

"कधी?"

"रोज सकाळी, शाळेआधी. मुलांचा संघ संध्याकाळी जागा अडवतो म्हणून आम्ही सकाळी करतो. शाळेपुरत्या परवान्यावर ती स्वतः गाडी चालवत येते. मला वाटलं तुला... नाही, खोटं कशाला बोलू. तुला माहीत नाही हे मला माहीत होतं."

"काहीतरीच काय! सकाळी ती घरी उड्या मारत असते! लिंकनला पडद्यावर दिसतात!"

"त्या उड्यांचं," व्हर्जिल डोळे पुसत म्हणाला, "लायलला विचार बाई."

लायल म्हणजे तिचा नवरा. मार्लीसनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं. एकूण एक तोंड तिला टाळत होतं. म्हणजे ज्या तोंडांनी दोन महिने टोमणे मारले, त्याच तोंडांत हे गुपित होतं. गावाला माहीत, फासे टाकणाऱ्या म्हाताऱ्यांना माहीत, आणि जिनं जन्म दिला तिला तेवढं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कप तुमचे तुम्ही विसळा," ती म्हणाली आणि एप्रन न सोडताच गाडीत बसली.

घराच्या अंगणात लायल टेनिसचा चेंडू हवेत उंच फेकत होता. समोर डचेस, त्यांची काळी-पांढरी कुत्री, जमिनीवरून सुटून चेंडू अधांतरीच पकडत होती. डचेसच्या गळ्यात पट्टा होता, आणि पट्ट्यावर निळा दिवा लुकलुकत होता.

"मार्लीस," लायल म्हणाला. "हे दिसतं तसं नाही."

"मग कसं आहे?"

लायलनं थोडा विचार केला. "दिसतं तसंच आहे."

"किती दिवस चाललंय हे?"

"नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापासून. आधी पोरगी दोन्ही करायची. अंधारात उठून पट्ट्याच्या उड्या, मग शाळेत सराव. एका सकाळी जिन्यावर सापडली मला, एक बूट पायात, एक हातात, आणि गाढ झोपलेली. म्हटलं, आण तो पट्टा इकडे."

"मला सांगायला जीभ नव्हती?"

"तू ऐकलं असतंस?"

तेवढ्यात डचेसनं चेंडू आणून मार्लीसच्या पायाशी ठेवला आणि शेपूट हलवत मागे सरकली. त्या क्षणी मार्लीसला त्या कुत्रीचासुद्धा राग आला.

दुपारी ब्रिन शाळेतून आली. स्वयंपाकघराच्या टेबलावर पट्टा ठेवलेला दिसला तशी ती दारातच थांबली.

"मला मूर्ख बनवलंस तू," मार्लीस म्हणाली. "शंभर माणसांत बसून टाळ्या घेतल्या मी. कुत्रीच्या!"

"मी मागितल्या होत्या टाळ्या?"

"उलट बोलू नकोस. तू बरं म्हणाली होतीस, ब्रिन. मी सांगितलं तेव्हा तू बरं म्हणालीस."

"तू विचारलंस कुठे, आई? तू सांगितलंस. सांगितल्यावर बरंच म्हणतात." ब्रिननं दप्तर खाली टाकलं. ती रडत नव्हती, चिडली होती. "पाच जणींना सराव करता येत नाही. समोर कोण उभं राहणार? सहावी असली की तीन-तीन होतात. मी एकाही मॅचला उतरले नाही. नुसती समोर उभी राहायचे."

"मैत्रिणींवर उपकार म्हणून?"

"नाही! मला आवडतं म्हणून. तिथे मी वाईट खेळते. चेंडू पायावर आपटतो, ट्रूडी हसते, कोच ओरडतात. पण कुणी माझ्या उड्या मोजत नाही. लिंकनमध्ये पाणी प्यायला गेले तरी कुणीतरी लिहून घेतंय असं वाटतं."

मार्लीस खुर्चीवर बसली. तिला रागवायचं होतं आणि राग तर मुबलक होता, फक्त तो आता पोरीवर टिकेना. टेबलावरचा तो पट्टा तिला खुपत होता. एवढं मोठं शास्त्र, एवढा मोठा पडदा, ती शुभ्र दातांची भाषणं, आणि या लोकांना माणसाचं पोर आणि चार पायांची कुत्री यांतला फरक दोन महिन्यांत कळला नाही! आकडा वर जातोय ना, मग बस्स. कोण उडतंय हे बघायला एकही माणूस लिपापर्यंत आला नव्हता.

तिनं ट्रेंटला फोन लावला आणि सरळ सांगून टाकलं.

ट्रेंट आधी हसला. "शक्य नाही. आलेख एकदम स्वच्छ आहे."

"कुत्रीही स्वच्छ आहे. रविवारीच आंघोळ घातलीय."

मग तो परत बोलला तेव्हा आवाजातलं लोणी संपलं होतं. मुलीनं क्लबाची फसवणूक केली आहे, तो म्हणाला. तरीही तो मोठ्या मनानं एक संधी देईल. मात्र शुक्रवारी ती बास्केटबॉल खेळली, तर पहिल्या संघातली जागा गेली असं समजावं. "आणि एक विनंती. हे बाकीच्या पालकांच्या कानावर जायला नको. त्या आलेखानं कितीतरी मुलींना स्फूर्ती मिळालीय. ओडेसाचंच घ्या. सोमवारी पोहणं सोडलं तिनं."

"पण तो आलेख खोटा आहे."

"परिणाम तर खरा आहे ना?"

मार्लीसनं त्यावर जे सुनावलं, ते लिपाच्या रीतीत बसणारं नव्हतं. त्यात वारा नव्हता आणि मकाही नव्हता. दुसऱ्या खोलीतून लायल बघायला आला आणि दारातूनच परत गेला.

फोन आपटून ती ब्रिनकडे वळली. "शुक्रवारी खेळलीस तर लिंकनची जागा जाईल. तो थापा मारत नाही, खरंच काढेल. व्हॉलीबॉल तुलाही आवडतं, हे मला ठाऊक आहे. आता मी सांगत नाही. विचारतेय."

ब्रिननं टेबलावरचा पट्टा उचलला आणि परत ठेवला. "आवडतं," ती म्हणाली. "खूप आवडतं. पण शुक्रवारी मी नसले तर त्या चौघी संघाचे कपडे घालून नुसत्या बाकावर बसतील. मी खेळते."

मार्लीसनं लगेच रेनिताला फोन लावला. रेनितानं उचलला नाही. रात्री लावला, गुरुवारी लावला. "जरुरीचं आहे, फोन कर," एवढाच निरोप ठेवला. असली गोष्ट यंत्रात बोलून ठेवायची तिला लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव व्यायामशाळेत होतं. मार्लीस दाराशी पॉपकॉर्नच्या खिडकीत उभी होती, आणि जो येईल तो तिच्याकडे कौतुकानं बघत होता. त्याचाही तिला संताप येत होता. व्हर्जिलनं खिडकीत वाकून म्हटलं, "मनाचा मोठेपणा म्हणायचा हो पोरीचा," तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा व्हर्जिल. दोन महिने राणीसाहेब म्हणत होतात तिला. रोज सकाळी ती कुठे जाते हे ठाऊक असून! तिला तरी कधी म्हणालात, जरा झोप म्हणून? तुम्हालाही तुमचा संघच पाहिजे होता."

व्हर्जिल पॉपकॉर्न न घेताच गेला.

ब्रिन वाईटच खेळली. उड्या उंच होत्या, पण चुकीच्या वेळी. समोरच्या मुलींच्या हातांवर ती इतक्यांदा आदळली की शेवटचा भाग निम्मा उरला असतानाच तिचे पाच फाउल झाले आणि तिला बाहेर बसावं लागलं. लिपाच्या चौघी डॉर्सीच्या पाचजणींशी खेळत राहिल्या आणि जबर मागे पडत गेल्या. बाकावर ब्रिन घसा फुटेपर्यंत ओरडत होती. कुबड्यांवरची ट्रूडी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. लेकीचा असा चेहरा मार्लीसनं या थंडीत पाहिलाच नव्हता. डोळे भरून आले म्हणून ती पॉपकॉर्नच्या यंत्राकडे वळली, आणि एप्रनच्या खिशात फोन वाजला. रेनिता.

आत आरडाओरडा होता. मार्लीस दार ढकलून बाहेर थंडीत आली.

"रेनिता, ऐक. त्या उड्या ब्रिनच्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"आमच्या कुत्रीच्या होत्या. पट्टा कुत्रीच्या गळ्यात होता. ब्रिननं बास्केटबॉल सोडलंच नाही कधी. मला माहीत नव्हतं, देवाशपथ माहीत नव्हतं. ट्रेंटला परवाच सांगितलं. तो म्हणाला, कुणाला सांगू नका."

पलीकडे काहीच आवाज नव्हता. नाही, होता. मार्लीसनं फोन कानाशी घट्ट धरला. धप्. मग थोडं थांबून पुन्हा, धप्.

"रेनिता? कसला आवाज येतोय?"

"ओडेसा," रेनिता म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "तळघरात आहे. सोमवारी पोहण्याची टोपी परत करून आली, तेव्हापासून रोज हेच. पोटऱ्यांना बर्फ लावते आणि पुन्हा सुरू करते. म्हणते, ब्रिनला गाठायचंय. मी म्हटलं बास कर, तर म्हणाली, ब्रिनची आई सांगत होती ना, सगळ्यांत चांगला निर्णय म्हणून."

धप्.

"मग उभी काय राहिलीस!" मार्लीस किंचाळली. गाड्यांजवळ सिगारेट ओढत उभी असलेली माणसं वळून बघू लागली. "जा खाली! थांबव तिला आधी!"

फोनमधून जिना उतरणारी पावलं ऐकू आली. रेनितानं लेकीच्या नावानं हाक मारली. धप्धप् थांबली, आणि मग धापा टाकत बोलणारा एक आनंदी आवाज आला.

"आई, थांब ना जरा! बघ की, ही किती उंच गेली?"